क्षिप्रेचा मराठी कादंबरीकार

भैरवगढला आपण सारेच जातो. कालभैरवाचे दर्शन घेतो, सिद्धवटावर पितरांचे श्राद्ध करतो, आणि येताना छिप्यांकडून ठशांची एखादी चादर घेऊन येतो. रामघाटावरून पुढे आलेली क्षिप्रा इथे आपल्या सोबतीला असतेच. या नदीचे नाव घेऊन मराठीत एक कादंबरी लिहिली गेली आहे. वाचकहो, आपल्या घरातल्या कपाटात ती आहे का, एवढे एकदा पाहून या आणि मग हा लेख पुढे वाचा.

कादंबरीचे नाव 'क्षिप्रा', साल १९५४, लेखक शरच्चंद्र माधव मुक्तिबोध. 'मुक्तिबोध' म्हटले की उज्जैनचा माणूस लगेच गजानन माधवांचे नाव घेतो, आणि त्यात वावगे काही नाही. हिंदीच्या नव्या कवितेत त्यांचे स्थान फार मोठे आहे. पण हे शरच्चंद्र त्यांचे धाकटे भाऊ. एका घरात, एका आईच्या मराठीत दोघे वाढले. थोरल्याने हिंदीत लिहिले, धाकट्याने मराठीत.

हे घर आपल्यासारखेच होते. मूळ जळगावकडचे, पुढे नोकरीनिमित्त ग्वाल्हेर संस्थानात आलेले. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात होते. आपल्यातली पुष्कळ घराणी अशीच इकडे आली. राणोजी शिंद्यांचे ठाणे उज्जैनला पडले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले, आणि लष्कराच्या व दप्तराच्या मागोमाग दक्षिणी कुटुंबे माळव्यात स्थिरावली. पुढे दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी वाडे आणि घरातली मराठी इथेच राहिली. दारात माळवी, कचेरीत हिंदी, देवघरात मराठी, अशी आपली तीन पदरी राहणी. गजाननरावांचा जन्म १९१७ साली श्योपूरला झाला, शरच्चंद्रांचा २१ जानेवारी १९२१ रोजी इंदूरला.

शरच्चंद्र प्रथम कवी म्हणून पुढे आले. 'नवी मळवाट' हा त्यांचा संग्रह १९४९ चा, 'यात्रिक' १९५७ चा. मर्ढेकरांनंतरची मराठी कविता एकाकीपणाकडे झुकत असताना, मार्क्सवादाची बैठक असलेला हा कवी माणसांच्या समूहावर विश्वास ठेवून लिहीत होता. कादंबरीतही त्यांनी हीच वाट धरली. 'क्षिप्रा', 'सरहद्द' (१९६२) आणि 'जन हे वोळतु जेथे' (१९६९) या तिन्ही कादंबऱ्यांत मिळून बिशू या मध्यमवर्गीय मुलाची घडण आहे. घराच्या उंबरठ्याआतले त्याचे जग हळूहळू चळवळीच्या, म्हणजे बेचाळीसच्या काळातल्या जगाला जाऊन मिळते. एका माणसाची गोष्ट सांगायला लेखकाने पंधरा वर्षे घेतली.

ही लेखनाची वर्षे त्यांनी नागपुरात काढली. तिथे ते मराठीचे प्राध्यापक होते. गजाननरावही १९४८ ते १९५८ नागपुरातच होते. एका शहरात दोन भाऊ, दोन भाषा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, उज्जैन नव्या मध्य प्रदेशात आले. दोन वर्षांनी थोरले भाऊ राजनांदगावच्या महाविद्यालयात गेले, धाकटे नागपूरलाच राहिले. नकाशावरची रेघ अशी एका घरातूनही गेली. गजाननरावांचे १९६४ मध्ये दिल्लीत निधन झाले. शरच्चंद्रांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथासाठी. साहित्याचे मोल त्यातल्या मानुषतेवर ठरते, हा त्यांचा आग्रह होता. २१ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले.

आता आपला मुद्दा. गाव सोडल्यावरच गाव लिहिता येते, याचा दाखला म्हणून आयर्लंडच्या जेम्स जॉइसकडे बोट दाखवतात. त्याने १९०४ मध्ये डब्लिन सोडले, पण 'युलिसिस' या कादंबरीत लिहिले ते डब्लिनच, आणि तेही १६ जून १९०४ या एकाच दिवसाचे. आज डब्लिनकर दर १६ जूनला त्या कादंबरीतल्या रस्त्यांवरून फिरतात, उतारे वाचतात. गाव सोडून गेलेल्या लेखकाला गावाने असे परत आणले.

आपण काय केले? महाराष्ट्रातल्या वाचकाला माळव्याची ही मराठी दूरची वाटली, आणि इथल्या वाचकाने थोरल्या भावाच्या हिंदी कीर्तीवर समाधान मानले. दोन्हीकडे घर असूनही धाकट्याचे पान वाढले गेले नाही. आपली नातवंडे मराठी समजतात, पण वाचत नाहीत, अशी तक्रार आपण प्रत्येक बैठकीत करतो. त्यांच्या हाती आपण पुण्याची पुस्तके देतो. त्या पुस्तकांतल्या नद्या, आळ्या, सण त्यांनी पाहिलेले नसतात. ज्या नदीत त्यांचे पाय भिजलेले आहेत, तिचे नाव मुखपृष्ठावर असलेले पुस्तक मात्र आपण त्यांना दाखवत नाही. भाषा टिकते ती आडनावाच्या अभिमानावर नव्हे. आपले अंगण तिच्यात सापडले, तर टिकते.

म्हणून एक सुचवतो. येत्या २१ जानेवारीला, थंडीचे ऊन अंगावर घेत, भैरवगढच्या काठावर चार घरांनी जमावे. घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याने 'क्षिप्रा'चे पहिले प्रकरण मोठ्याने वाचावे. तो अडखळला तर आजीने शब्द सांगावा. नदी समोर असेलच.