सोमवारची छाती

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत कार्डिंगला होते. विणकाम खात्याचा मान मोठा, पगारही बरा. कापसाच्या गासड्या फोडायचं ब्लो रूम आणि तो पिंजायचं कार्डिंग ही मात्र धुळीची खाती. पाळी सुटून आले की त्यांच्या भुवयांवर पांढरी लव बसलेली असे. आई आधी गुळाचा खडा पुढे करायची. गुळानं कापूस खाली उतरतो असं सगळी चाळ मानायची. घशातला उतरतही असेल, छातीतल्याचं काय?

सोमवारी त्यांची छाती आवळून यायची. मंगळवारी जरा सैल, गुरुवारपर्यंत माणूस ठीक. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणायचा, "रविवारची उतरली नाही वाटतं!" माळकरी माणसाला हे ऐकून घ्यावं लागे.

रविवारचा संबंध होता, पण दारूशी नव्हे. 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची हक्काची सुट्टी मिळवून दिली. धुळीत मुरलेलं शरीर एक दिवस मोकळं राहिलं, की दुसऱ्या दिवशी त्याच धुळीनं जोरात उसळतं. सुट्टीनं हा आजार झाला नाही. सुट्टीनं तो उघडा पडला. आपल्याकडे मात्र कुणी दम्यावर ढकलला, कुणी बिडीवर.

इंग्लंडनं 1940 मध्येच कायदा करून कापूस कामगारांना या आजाराची भरपाई देऊ केली. पुढे रिचर्ड शिलिंग या डॉक्टरनं लँकेशायरच्या कामगारांना वार विचारून पायऱ्या लावल्या: सोमवारीच त्रास ही पहिली, इतर दिवशीही त्रास ही दुसरी, फुफ्फुस कायमचं अधू ही तिसरी. आजाराचं नाव बिसिनोसिस. वडिलांना शेवटी शेवटी गुरुवारीही जिना चढवत नसे.

गंमत अशी, की भुवयांवरची लव त्यातली गरीब. घात करते ती न दिसणारी बारीक धूळ, पानाबोंडांच्या चुऱ्याची आणि त्यावरच्या जिवाणूंच्या विषाची. म्हणून अमेरिकेनं 1978 मध्ये उडता कापूस वगळून फक्त बारीक धूळ मोजायचं ठरवलं आणि सूतकताईसाठी घनमीटरला 200 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 14 सांगायचं, की धूळ जिथे उठते तिथेच ओढून घ्या. आमच्या गिरणीत हवेची काळजी घेतली जाई ती सुतासाठी. ते तुटू नये म्हणून हवा दमट ठेवत. केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामतांनी मुंबईच्या गिरणी कामगारांत हा आजार शोधला, तोवर कैक पिढ्या पिंजून निघाल्या होत्या.

सूतगिरण्या आजही चालू आहेत. तिथल्या कामगाराची छाती तपासणाऱ्या डॉक्टरांना एवढंच सांगणं: आधी वार विचारा, आणि फुंकर मारायची चाचणी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी घ्या, पाळीआधी एकदा आणि पाळी संपल्यावर पुन्हा एकदा.