पियानोच्या शेजारीं तबला

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या गांवांत एका आळींतून भजनाचा तबला व दुसरींतून उपासनेचें ऑर्गन ऐकूं येतें. तेव्हां येथील वाचकांस पुढील हकीकत अगदींच परकी वाटूं नये.

सन १९६६ मध्यें लंडन येथें दहा वादकांच्या एका मेळानें 'इंडो-जाझ स्वीट' ही ध्वनिमुद्रिका काढिली. पांच जण जाझवाले, पांच जण दुसऱ्या बाजूचे. पियानोवर पॅट स्माइद, तबल्यावर मुंबईचे केशव साठे, सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर. रचना कलकत्त्यास जन्मलेल्या जॉन मेयर यांची, व सॅक्सोफोन जमेकाच्या जो हॅरियट यांचा. हे हॅरियट किंग्स्टन येथील अल्फा बॉइज स्कूलमध्यें वाढले. निराधार मुलांची ही शाळा 'दयेच्या भगिनी' या संघाच्या व्रतस्थ भगिनी चालवीत, आणि तिच्या बँडांतून कित्येक नामांकित वादक निघाले. अनाथ मुलाच्या हातीं वाद्य देणें हें धर्मकार्य नव्हे असें कोण म्हणेल?

आतां, पियानो व तबला यांचा शेजार दिसतो तितका सोपा नाहीं. तबल्याचा दायां हातोडीनें ठोकून एका षड्जांत लाविलेला असतो. जाझचा पियानो मात्र घटकेंत एका स्वरावरून दुसऱ्यावर घर बदलतो. घर बदललें कीं दायां विसंवादी वाटूं लागतो. शिवाय पाश्चात्य ड्रम काठ्यांनीं वाजूं लागले म्हणजे बोटांचे नाजूक बोल बुडून जातात. मेयर यांनीं यावर उपाय काढिला तो असा कीं, रचनाच मेघ, गौडसारंग अशा रागांवर बांधावी, तालाचें आवर्तन ठरवून द्यावें, व जाझवाल्यांनीं आपली कल्पकता त्या चौकटींत चालवावी. आमच्या मतें यांत पियानोवाल्यास अधिक त्याग करावा लागला. कारण स्वरसंवादांची रेलचेल हेंच त्याचें धन, आणि रागांत तें जपून खर्चावें लागतें.

सन १९६७ मध्यें मोतीहार व साठे हे स्वित्झर्लंडच्या पियानोवादिका इरेन श्वाइत्सर यांच्या त्रयीबरोबर जर्मनींत वाजले. ती ध्वनिमुद्रिका 'जाझ मीट्स इंडिया' या नांवानें प्रसिद्ध आहे. येथें दोन त्रयी अधिक मोकळेपणानें समोरासमोर आल्या.

हॅरियट १९७३ त वारले. साठे यांचा तबला पुढें इंग्रजी लोकगीतांतहि शिरला, व १९७७ मध्यें जॉन रेनबोर्न यांच्या मेळांत गिटारच्या जोडीस बसला.