मराठी चित्रपटातील उपरोध : 'ब्रह्मचारी' ते 'झोंबिवली'

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर कल्याण सोडल्यानंतरचे पहिले स्थानक विठ्ठलवाडी होय. स्थानकाच्या एका अंगास कल्याण पूर्वेची वस्ती आणि दुसऱ्या अंगास, १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या जागेवर वसविण्यात आलेले उल्हासनगर, अशी येथील रचना आहे. जवळून वालधुनी नदी वाहते. अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून ही नदी येते, वाटेत कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेते आणि कल्याणपाशी उल्हास नदीस मिळते. २०१४ च्या अखेरीस तिच्या पात्रात सोडलेल्या रसायनांतून विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच वर्षाच्या जानेवारीत डोंबिवलीत हिरव्या रंगाचा पाऊस पडला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहण्यासाठी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना डोंबिवलीस यावे लागले. हे प्रसंग एखाद्या पटकथेत आले असते, तर लेखकावर अतिशयोक्तीचा आरोप झाला असता.

वास्तवच जेथे उपरोधाची पातळी गाठते, तेथे उपरोधिक चित्रपटाने नेमके काय करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. प्रस्तुत लेखात १९३८ ते २०२२ या कालखंडातील काही निवडक मराठी चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. सर्व विनोदी चित्रपटांची नोंद घेणे हा येथे हेतू नाही. विनोद माणसाच्या विसंगतीवर हसतो, तर उपरोध ती विसंगती पोसणाऱ्या व्यवस्थेकडे बोट दाखवितो, एवढा भेद पुढील विवेचनास पुरेसा आहे. उपरोधाचे बळ हशा किती पिकला यावर मोजता येत नाही. चित्रपट संपताना कोणती गोष्ट अबाधित शिल्लक राहिली आणि तिच्यात प्रेक्षकाचा वाटा किती, यावर ते ठरते, अशी येथील भूमिका आहे.

अत्रे-विनायक पर्व

मराठी बोलपटात उपरोधाची ठळक सुरुवात कोल्हापूरच्या हंस पिक्चर्समध्ये झाली. प्रल्हाद केशव अत्रे यांचे लेखन आणि मास्टर विनायक यांचे दिग्दर्शन या जोडीने १९३८ मध्ये 'ब्रह्मचारी' आणि १९३९ मध्ये 'ब्रँडीची बाटली' हे चित्रपट दिले. 'ब्रह्मचारी'तील औदुंबर देशभक्तीचे आणि ब्रह्मचर्याचे व्याख्यान ऐकून भारावतो, सिनेनट्यांची चित्रे फेकून देतो आणि आचार्य चंडीरामांच्या आश्रमात दाखल होतो. पुढे किशोरी येते आणि व्रत डळमळते. कथा एवढीच. ब्रह्मचर्याचा संबंध राष्ट्रसेवेशी जोडणारे विचार त्या दशकात केवळ एका आश्रमापुरते नव्हते. व्यायामशाळा, सेवासंघ आणि व्याख्यानमाला यांतून ते मध्यमवर्गीय तरुणांपर्यंत पोहोचत होते. अत्र्यांनी त्या विचाराचे खंडन केले नाही. तो विचार जसाच्या तसा पाळू पाहणारा एक सामान्य मुलगा त्यांनी उभा केला आणि बाकीचे काम त्या मुलाच्या प्रामाणिकपणावर सोपविले.

या चित्रपटाच्या यशात एक गंमतीची बाब दडलेली आहे. मीनाक्षी शिरोडकर यांचे पोहण्याच्या पोशाखातील दृश्य त्या काळी कमालीचे गाजले आणि गर्दीचे एक कारण ठरले. म्हणजे ज्या औदुंबराला प्रेक्षक हसत होता, त्याच्याच ओढीने तो तिकीटखिडकीवर उभा होता. चित्रपटगृहाचा अंधार ही उपरोधाची अर्धी सामग्री असते, हे अत्रे-विनायक यांनी ओळखले होते काय, हे ठरविण्याचे कारण नाही. परिणाम मात्र तोच झाला.

'ब्रँडीची बाटली'ची पार्श्वभूमी अधिक थेट राजकीय होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. दामूअण्णा मालवणकर यांनी रंगविलेल्या भोळ्याभाबड्या बगारामवर ब्रँडी मिळविण्याची कामगिरी येते. ब्रँडी म्हणजे काय आणि ती कोठे मिळते, याचा मात्र त्याला पत्ता नसतो. दारूबंदी योग्य की अयोग्य, या वादात चित्रपट शिरत नाही. निरागस माणसाच्या शोधयात्रेत शहराचा दुटोंडीपणा आपोआप उघडा पडतो. लोकनियुक्त सरकार नवे होते, स्वातंत्र्यलढा चालू होता आणि अशा वेळी स्वकीयांच्या आदर्शवादाकडे तिरकस पाहणे सोपे नव्हते. या दृष्टीने हे दोन्ही चित्रपट त्यांच्या हलक्याफुलक्या रूपाहून अधिक धाडसी ठरतात.

सहकाराचे साम्राज्य आणि मंत्रालय

पुढील तीन दशकांत मराठी चित्रपटावर ग्रामीण तमाशापटाचे वर्चस्व राहिले. वगनाट्यातील राजा, प्रधान आणि कोतवाल यांच्या आडून सत्तेची टवाळी करण्याची रीत लोकनाट्यात जिवंत होती. पडद्यावर मात्र तिची जागा बहुधा पाटील-सावकाराच्या सरधोपट खलनायकाने घेतली. दुष्ट पाटील मेला की गाव सुखी होत असे.

हे समीकरण डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित 'सामना'ने मोडले. १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात हा चित्रपट दाखविण्यात आला. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आहे. त्याच्याकडे केवळ दुष्ट म्हणून पाहता येत नाही, कारण त्याने कारखाना उभारला आहे, गावाचा कायापालट केला आहे आणि पाहुण्याचे आतिथ्य तो मनापासून करतो. १९५० मध्ये लोणी-प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सुरू झालेली सहकारी साखर चळवळ ही ग्रामीण महाराष्ट्राची खरीखुरी मिळकत होती. तिच्याच पोटात नवी सरंजामशाही कशी वाढली, याचे दर्शन 'सामना' घडवितो. मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न विचारणारे मास्तर (डॉ. श्रीराम लागू) एकेकाळचे स्वातंत्र्यसैनिक, पण आता दारूच्या आहारी गेलेले आणि हिंदुरावांच्याच दारूवर राहिलेले. प्रश्न विचारणाऱ्याचे हात स्वच्छ नाहीत. यजमानाचे मीठ खाऊन यजमानाला जाब विचारणारा हा सुशिक्षित मनुष्य म्हणजे त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाचे अवघडलेले चित्र होय आणि चित्रपटाचा खरा उपरोध हिंदुरावापेक्षा तेथे आहे.

अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर आधारित 'सिंहासन' (१९७९) त्याच दिग्दर्शक-लेखकांचा. एका निनावी दूरध्वनीने मुख्यमंत्र्यांना (अरुण सरनाईक) मंत्रिमंडळातील कटाची कुणकुण लागते आणि पुढचा सारा चित्रपट म्हणजे खुर्ची वाचविण्याचे गणित. दुष्काळ, संप, तस्करी हे सर्व या गणितातील आकडे म्हणून येतात. अखेर गणित सुटते, सरकार टिकते आणि हे सर्व पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले) वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हशात प्रेक्षकाला सामील होता येत नाही, हे त्याचे सामर्थ्य आहे. मंत्रालयात चित्रीकरण करण्यास तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी परवानगी दिली होती. यास सत्तेचे औदार्य म्हणावे की आत्मविश्वास, याविषयी दुमत होऊ शकते. उपरोधाला दालन उघडून देणारी सत्ता त्या उपरोधाने हादरत नाही, एवढे मात्र खरे.

मुंबईच्याच भूमीवर घडलेला कुंदन शाह यांचा हिंदी चित्रपट 'जाने भी दो यारों' (१९८३) येथे तुलनेसाठी घेणे आवश्यक आहे. बांधकाम व्यावसायिक, महापालिका आयुक्त आणि वृत्तपत्राची संपादिका हे सर्व एकाच लुटीचे भागीदार आहेत. पूल कोसळतो आणि शिक्षा होते ती पुरावा गोळा करणाऱ्या दोन छायाचित्रकारांना. कैद्यांच्या वेशात रस्त्यावरून चालताना ते प्रेक्षकांकडे पाहून गळा चिरल्याची खूण करतात. महाभारताच्या नाट्यप्रयोगातील धुमाकुळावर पोट धरून हसलेला प्रेक्षक या शेवटाने निःशब्द होतो. मराठीत याच सुमारास उलट प्रवाह सुरू झाला. 'धुमधडाका' (१९८५) आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) यांनी विनोदाचे नवे युग आणले. 'बनवाबनवी'चे मूळ भाड्याच्या घराच्या टंचाईत आहे, हे खरे. मात्र ती टंचाई वेषांतराच्या गमतीपुरती येते आणि विसरली जाते.

खलनायकाविना गाव

२००८ नंतरच्या मराठी चित्रपटाने उपरोधाचे सूत्र पुन्हा हाती घेतले. उमेश कुलकर्णी यांच्या 'वळू'त (२००८) एक मोकाट बैल पकडण्यासाठी वनाधिकारी येतो आणि गावातील दोन गट त्या बैलाभोवती आपापले राजकारण उभारतात. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवरील 'निशाणी डावा अंगठा' (२००९) शिक्षकवर्गाने आवर्जून पाहावा असा. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननंतर गावोगावी राबविलेल्या प्रौढ साक्षरता मोहिमेचे उद्दिष्ट कागदावर कसे पूर्ण होते, याची ती कथा आहे. शिक्षक लबाड नाहीत. वरून आकडा मागितला जातो आणि ते आकडा देतात. आज मूल्यांकनाची प्रपत्रे भरणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयात हा चित्रपट परका वाटणार नाही.

या परंपरेचा परिपक्व आविष्कार म्हणजे गिरीश कुलकर्णी लिखित आणि उमेश कुलकर्णी दिग्दर्शित 'देऊळ' (२०११). मंगरूळ गावातला गुराखी केशव हरवलेल्या गाईच्या शोधात थकून औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्ताचा दृष्टान्त होतो. गावाला रुग्णालय हवे, असे अण्णांचे (दिलीप प्रभावळकर) म्हणणे असते. उभे राहते ते देऊळ. त्यासोबत दुकाने, ध्वनिफिती, वाहनतळ, प्रसाद आणि जमिनीचे भाव येतात. केशवाची श्रद्धा खोटी नाही, भाऊंचे (नाना पाटेकर) राजकारण अमानुष नाही आणि गावकऱ्यांची भरभराट खरी आहे. एकाही पात्राला वगळून गुन्हेगार निश्चित करता येत नाही. शेवटी केशव मूर्ती उचलून नदीत सोडतो, आणि गाव नवी मूर्ती आणते. व्यवस्था एवढी सुरळीत चालू आहे की तिला मूळ देवाचीही गरज उरलेली नाही. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) याच वाटेने आणखी पुढे जातो, आणि येथे हसण्याची सोयही जवळजवळ काढून घेतलेली आहे. सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त करणारे गीत गायल्याच्या आरोपावरून लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) न्यायालयात उभा केला जातो. तारखा पडत राहतात. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका स्त्रीची सुनावणी पुढे ढकलली जाते. सरकारी वकील घरी जाऊन स्वयंपाक करते, न्यायाधीश सुटीत सहलीस जातात आणि बाकावर डुलकी घेतात. कोणीही नियमाबाहेर वागत नाही. आरोपी मात्र आतच असतो.

पुन्हा कल्याण-डोंबिवलीत

या पार्श्वभूमीवर आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'कडे (२६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित) पाहावे लागते. त्याआधी निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'ने (२००५) हे उपनगर पडद्यावर आणले होते. तथापि माधव आपटे या बँक कर्मचाऱ्याचा संताप हा उपरोध नव्हे. तेथे नायक एकटा शुद्ध आहे आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने निर्धास्त बसतो. 'झोंबिवली'ची कल्पना अधिक चतुर आहे. उत्तुंग गृहसंकुल आणि त्याला खेटून असलेली झोपडवस्ती, एकीकडे पाणी आणि दुसरीकडे टंचाई, ही या पट्ट्यातील खरीखुरी रचना चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. संकुलात राहावयास आलेला अभियंता (अमेय वाघ) आणि वस्तीतला कार्यकर्ता (ललित प्रभाकर) यांना झोम्बींच्या भीतीने एकत्र यावे लागते. एरवी ज्यांच्यात कुंपणाची भिंत असते, त्यांना एकाच बाजूला उभे करण्यासाठी मेलेली माणसे उठवावी लागली, यात उत्तम उपरोधाचे बीज होते.

ते बीज पुरते रुजत नाही. संकटाचे मूळ अखेर काही थोड्या माणसांच्या गैरव्यवहारात सापडते आणि दुष्ट पाटलाचे जुने समीकरण नव्या वेशात परत येते. संकुलातील नळाला पाणी येते म्हणून वस्तीतला नळ कोरडा, या हिशेबात सदनिकाधारकाचा वाटा किती, हा प्रश्न झोम्बींच्या धावपळीत मागे पडतो. तरीही स्थानिक नाव, बोली आणि भूगोल यांसह हा विषय करमणुकीच्या चौकटीत आणणे ही लहान कामगिरी नव्हे.

वालधुनीच्या कथेला झोम्बींची आवश्यकता भासणार नाही. नदी अंबरनाथ नगरपरिषदेच्या हद्दीत घाण होते, उल्हासनगर महानगरपालिकेच्या हद्दीत अधिक घाण होते आणि १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत उल्हासला मिळते. औद्योगिक विकास महामंडळ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचे स्वतंत्र अधिकार आहेत. प्रत्येक कार्यालय आपल्या हद्दीपुरते नियमाने वागू शकते, पुढच्या कार्यालयास पत्र पाठवू शकते आणि त्या पत्राची पोच फाईलला लावू शकते. पात्रावरच्या पुलावरून रोज स्थानकाकडे जाणारा नोकरदार नाकाला रुमाल लावतो आणि ८.१२ ची गाडी गाठतो.