क्षितिज आलेख

क्षितिज आलेख : अनेक कालश्रेणी एकाच पडद्यावर, कमी उंचीत मांडण्याची पद्धत. व्यवहारात ‘होरायझन चार्ट’ हेच नाव रूढ आहे. देखरेखीच्या डॅशबोर्डवर एकेका सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क अशी मोजमापे सतत येत असतात. सर्व्हर ४० असले तर श्रेणी १६० होतात. सगळ्या रेषा एका चौकटीत काढल्या तर शेवयांचा गुंता होतो, प्रत्येकीला स्वतंत्र चौकट दिली तर पडदा पुरत नाही.

समजा, ९० पिक्सेल उंचीच्या आलेखात सेकंदाला ० ते ९० विनंत्या दाखवायच्या आहेत. त्याचे ३०-३० चे तीन आडवे पट्टे कापायचे, वरच्या पट्ट्याला अधिक गडद छटा द्यायची आणि तिन्ही पट्टे एकाच ३० पिक्सेलच्या जागेत एकमेकांवर ठेवायचे. विनंत्या ७० झाल्या की त्या क्षणी तळाचे १० पिक्सेल सर्वांत गडद आणि वरचे २० मधल्या छटेचे दिसतात. १,०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर १२ आलेखांऐवजी ३६ मावतात. ऋण मूल्ये दुसऱ्या रंगात, उलटी करून त्याच जागेत बसवतात. गडद डाग उठला की नजर आपोआप तिकडे जाते. रात्रपाळीच्या माणसाला हवे असते ते हेच.

ताकाफुमी साइतो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या दुरंगी छटांच्या तंत्रात याचे मूळ आहे. पॅनॉप्टिकॉन या स्वीडिश कंपनीने ते आलेखाच्या रूपात पुढे आणले. जेफ्री हीर, निकोलस काँग आणि मनीष अग्रवाला यांनी २००९ मध्ये वाचकांवर प्रयोग केले. पट्टे वाढले की वाचनाला वेळ लागतो आणि चुकाही वाढतात, असे त्यांना आढळले. उलट्या ऋण बाजूने मात्र अडचण झाली नाही. २०१२ मध्ये स्क्वेअर कंपनीतून माइक बोस्टॉक यांची क्युबिझम ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आली आणि ही मांडणी डॅशबोर्डवर पोहोचली. तिथे दर १० सेकंदांना एक पिक्सेल धरला, तर १,४४० पिक्सेलमध्ये चार तास मावतात.

नेमका आकडा वाचायला हा आलेख कच्चाच आहे. त्यासाठी ओळीशेजारी चालू मूल्य अंकांत छापावे. तुलना करायच्या सर्व ओळींची मोजपट्टी एकच ठेवावी, नाहीतर एका ओळीतला गडद रंग दुसरीतल्या फिक्याहून लहान आकड्याचा निघतो. लाल-हिरवी जोडी टाळावी, आणि पट्टे शक्यतो दोनच ठेवावेत.