केनियातील निकृष्ट खत आणि मंत्र्याचे उत्तरदायित्व

केनियात मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली उगाली ताटात नसेल तर जेवण पुरे झाले असे सहसा मानले जात नाही, आणि त्यामुळे मक्याचा प्रश्न तेथे वसाहतकाळापासून सरकारच्या दारात येऊन उभा राहत आला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 साली, ब्रिटिश प्रशासनाने मक्याच्या खरेदी-विक्रीवर नियंत्रण आणले; स्वातंत्र्यानंतर 1979 मध्ये मका व गहू यांची वेगवेगळी मंडळे एकत्र करून राष्ट्रीय तृणधान्य व उत्पादन मंडळ स्थापन झाले. धान्य विकत घेण्यासाठी उभारलेल्या याच मंडळाच्या गोदामांतून पुढे अनुदानित खतही विकले जाऊ लागले, आणि ज्या दारात शेतकरी मका घालत होता त्याच दारातून तो खताचे पोते उचलू लागला. एरवी दुकानदाराशी भांडून मिटली असती अशी तक्रार थेट मंत्र्यापर्यंत का पोहोचली, हे या व्यवस्थेवरून कळते.

युक्रेनमधील युद्धानंतर खताच्या 50 किलोच्या पोत्याची किंमत सहा हजार शिलिंगांच्या वर गेली होती. विल्यम रूटो यांनी सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षपद स्वीकारताच ती 3,500 शिलिंगांवर आणण्याचे जाहीर केले, आणि पुढील वर्षी ती 2,500 पर्यंत उतरली. मार्च 2024 मध्ये, म्हणजे लांब पावसाळ्याच्या तोंडावर पेरणीची लगबग असतानाच, ‘आफ्रिका अनसेन्सर्ड’ या शोधपत्रकारितेच्या संस्थेने काही पोत्यांत खताऐवजी डायटोमाइटसारखी माती भरलेली असल्याचे उघड केले. डायटोमाइट म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांपासून बनलेली सिलिकायुक्त माती; गाळणीसाठी ती उपयोगी, पण नत्र, स्फुरद, पालाश यांचा पुरवठा ती करीत नाही. बियाण्याबरोबर पेरलेले खत कुचकामी निघाले तर बदली पोते मिळूनही पेरणीची वेळ परत येत नाही, ही गोष्ट नुकसानभरपाईच्या आश्वासनांत फारशी डोकावली नाही.

त्यानंतरचा वाद बराचसा शब्दांचा होता. शेतकरी ‘बनावट’ म्हणत होते, तर सरकारी बाजू ‘निकृष्ट’ म्हणजे ठरलेल्या प्रमाणात न बसणारे, या शब्दाला धरून होती. भारतात खत नियंत्रण आदेशाखालील कारवाईत अशा मालाला ‘अप्रमाणित’ म्हणतात, आणि महाराष्ट्रातील शेतकरी मात्र त्याला सरळ ‘बोगस’ म्हणून मोकळा होतो. हा फरक वरवरचा नाही. बनावट म्हटले की फसवणारा कोणीतरी शोधावा लागतो, निकृष्ट म्हटले की दोष तपासणीतल्या त्रुटीवर ढकलता येतो.

मंत्र्याला जाब विचारण्याची केनियातील जुनी रीत अविश्वास ठरावाची होती. 2010 च्या राज्यघटनेपूर्वी मंत्री संसदेचे सदस्य असत, आणि एकट्या मंत्र्याविरुद्धचा ठराव त्याला कायद्याने पदच्युत करीत नसला तरी त्याचे नैतिक वजन मोठे होते. जुलै 2008 मध्ये ग्रँड रीजन्सी हॉटेलच्या विक्रीवरून अर्थमंत्री अमोस किमुन्या यांच्याविरुद्ध असा ठराव संमत झाला आणि ते पदावरून बाजूला झाले. चौकशीअंती मात्र ते मंत्रिमंडळात परतले. फेब्रुवारी 2009 मध्ये राखीव साठ्यातील मका दलालांच्या हाती गेल्याच्या आरोपावरून खासदार बॉनी खलवाले यांनी तत्कालीन कृषिमंत्र्यांविरुद्ध ठराव आणला, तो फेटाळला गेला. ते कृषिमंत्री म्हणजे विल्यम रूटोच.

नव्या घटनेने मंत्र्यांना संसदेबाहेर काढले, त्यांना ‘कॅबिनेट सेक्रेटरी’ हे नाव दिले आणि त्यांना हटवण्याची रीत कलम 152 मध्ये बांधून टाकली. एक चतुर्थांश सदस्यांच्या पाठिंब्याने प्रस्ताव यावा, किमान एक तृतीयांश सदस्यांनी तो उचलून धरल्यास अकरा जणांच्या समितीने दहा दिवसांत चौकशी करावी, आरोप सिद्ध ठरल्यास सभागृहाने बहुमताने निर्णय घ्यावा आणि तो झाल्यास राष्ट्राध्यक्षाने मंत्र्याला बडतर्फ करावे, असा तो क्रम आहे. समितीने आरोप सिद्ध होत नाहीत असे म्हटले, तर प्रकरण तेथेच संपते. नैतिक दडपणाची जागा कायदेशीर बंधनाने घेतली, हे खरे. परंतु सारे सभागृह ज्यातून जाणार ते दार अकरा माणसांच्या हाती गेले.

बुमुलाचे खासदार जॅक वाम्बोका यांनी कृषिमंत्री मिथिका लिंटुरी यांच्याविरुद्ध आणलेल्या प्रस्तावाला 2 मे 2024 रोजी 149 मते मिळाली, विरोधात 36 पडली. 349 सदस्यांच्या सभागृहात 117 मते पुरेशी असल्याने हा टप्पा सहज ओलांडला गेला. घटनेचे गंभीर उल्लंघन, गुन्हा केल्याचा सबळ संशय आणि घोर गैरवर्तन असे तीन आरोप होते, आणि ते लिंटुरी यांनी नाकारले. नाओमी वाको यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 13 मे रोजी अहवाल मांडला, ज्यात सात विरुद्ध चार मतांनी आरोप सिद्ध होत नसल्याचा निष्कर्ष होता. प्रस्ताव उचलून धरणाऱ्या 149 जणांना त्या निष्कर्षावर मत देण्याची संधीच घटनेने ठेवलेली नव्हती.

त्याच वर्षी जूनमध्ये वित्त विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, 25 जून रोजी आंदोलक संसदेत घुसले, आणि 11 जुलै रोजी रूटो यांनी जवळजवळ सारे मंत्रिमंडळ एका घोषणेत बरखास्त केले. नव्या मंत्रिमंडळात कृषिखाते अँड्र्यू करांजा यांच्याकडे गेले. लिंटुरी यांचे पद गेले ते सहकाऱ्यांबरोबर, सरसकट. खताच्या प्रश्नापुरता संसदेचा शेवटचा शब्द सात विरुद्ध चार हाच राहिला.