क्लच, वाढीव क्षमतेचा (छोट्या मोटारींसाठी)

इंजिनाची ताकद वाढवलेल्या छोट्या मोटारीत मूळ क्लचच्या जागी बसवतात तो, जास्त टॉर्क पेलणारा क्लच. गाडी रीमॅप करून घेणारे, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला नकाशा बदलून घेणारे, अश्वशक्तीचा आकडा मोठ्या कौतुकाने सांगतात, पण क्लचवर थेट ताण येतो तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाचा. त्यामुळे निवडीची सुरुवात न्यूटन मीटरच्या आकड्यापासूनच करावी लागते.

भारतात याचे ठळक उदाहरण म्हणजे २००७ मध्ये आलेली मारुती स्विफ्ट डिझेल. तिचे १,२४८ घनसेंटिमीटरचे इंजिन मूळ फियाटच्या मल्टिजेट घराण्यातले. याच घराण्यातली इंजिने पुण्याजवळच्या रांजणगावात फियाट आणि टाटाच्या गाड्यांसाठी तयार होत. स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क देई, तोही मिनिटाला अवघ्या २,००० फेऱ्यांना. संगणकातला नकाशा बदलून टर्बोचा दाब आणि इंधन वाढवले की टॉर्क झपकन चढतो आणि तो नेमका कमी फेऱ्यांनाच चढतो. घाटात चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, टॅकोमीटरचा काटा वर पळाला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर क्लच स्लिप होतो आहे हे ओळखावे. थोड्या वेळाने क्लचप्लेटचे अस्तर जळाल्याचा उग्र वास केबिनमध्ये येतोच.

क्लचची क्षमता चार गोष्टींवर ठरते: घर्षणाचे पृष्ठभाग किती, अस्तराचा घर्षणांक किती, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते आणि प्लेटची सरासरी त्रिज्या किती. उदाहरणादाखल दोन पृष्ठभाग, ०.३ घर्षणांक, ५,००० न्यूटन दाब आणि ८५ मिलिमीटर त्रिज्या धरली, तर गुणाकार २५५ न्यूटन मीटर येतो. १९० न्यूटन मीटरच्या इंजिनाला ही सढळ शिल्लक झाली. तेच इंजिन २४० वर नेले की शिल्लक जवळजवळ संपते. अस्तर तापून घर्षणांक ०.२५ वर उतरला तर क्षमता साधारण २१२ होते आणि प्लेट घसरू लागते. कंपनीने ठेवलेली ही शिल्लक वाया गेलेली नसते. वाहतुकीतला हाफ क्लच, चढावर भरलेली गाडी आणि काही वर्षांची झीज यांचा हिशेब तिच्यात धरलेला असतो.

क्षमता वाढवण्याच्या वाटा याच गणितातून निघतात. पहिली वाट प्रेशर प्लेटची. वरच्याच उदाहरणात दाब ६,००० न्यूटन केला, तर साधी ऑरगॅनिक अस्तराची प्लेट ठेवूनही क्षमता ३०० च्या पुढे जाते. किंमत मोजावी लागते ती डाव्या पायाला, कारण डायफ्रॅम स्प्रिंगची रचना तीच असेल तर पेडल जवळपास त्याच प्रमाणात जड होते. रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर यांच्यावरही बोजा वाढतो. दुसरी वाट अस्तराची. केव्हलर बराच काळ टिकते, पण ते नीट बसवायला धीर लागतो. सेरामेटॅलिक पॅडल प्लेट तांबे आणि सिरॅमिकच्या मिश्रणाची असते. ती उष्णता उत्तम सोसते, मात्र पकडते एकदम. मध्ये काही नसतेच. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतीत ती शोभून दिसते. पुण्याच्या सिंहगड रोडवर संध्याकाळी साडेसहाला तीच प्लेट गाडीला प्रत्येक सिग्नलवर हिसके देते, आणि फ्लायव्हीलही लवकर खाते.

रोज चालवायच्या गाडीसाठी उत्तर बहुधा साधेच असते: स्प्रिंगवाल्या हबची ऑरगॅनिक प्लेट, थोडी जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि मोजलेल्या टॉर्कपेक्षा वीस ते तीस टक्के जादा क्षमता. मोजलेला टॉर्क म्हणजे डायनोवर, अर्थात ताकद मोजण्याच्या यंत्रावर, आलेला आकडा. रीमॅप करणाऱ्याच्या जाहिरातीतला नव्हे. दुप्पट क्षमतेचा क्लच घेण्यात शहाणपण नाही. घसरणारा क्लच एका परीने गिअरबॉक्सचा फ्यूज असतो. तो अजिबात घसरेना झाला की झटका पुढे सरकतो आणि छोट्या गाडीचे गिअर व ड्राइव्हशाफ्ट तुटू लागतात. गिअरबॉक्सच्या खर्चापुढे क्लचचा खर्च किरकोळ वाटतो.

अनेक टर्बो आणि डिझेल गाड्यांत दोन वस्तुमानांचे फ्लायव्हील असते. लुक या जर्मन कंपनीने ते १९८५ मध्ये नियमित उत्पादनात आणले. इंजिनाची थरथर ते आतल्या स्प्रिंगांत जिरवते. त्याऐवजी एकसंध फ्लायव्हील बसवल्यास खर्च वाचतो आणि ते जास्त ताकदही सोसते, पण न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सची खडखड ऐकू येते. एकसंध फ्लायव्हील आणि स्प्रिंग नसलेला हब ही जोडी रस्त्यावरच्या गाडीत टाळावीच.

नवे सुटे भाग घेताना पेटीवरच्या ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ या शब्दांवर विसंबू नये. त्यांना सर्वमान्य मोजमाप नाही. एकाचा दुसरा टप्पा तो दुसऱ्याचा पहिला असू शकतो. उत्पादकाकडून न्यूटन मीटरमधली क्षमता लेखी मागावी. एक्सेडी, साक्स, लुक, व्हॅलिओ ही या धंद्यातली जुनी नावे. एक्सेडीचा भारतातला एक कारखाना छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत आहे.

मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्यातच जातो. म्हणून तो खाली असतानाच फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसाएवढ्या भेगा आहेत का ते पाहावे, पृष्ठभाग घासून घ्यावा, रिलीज बेअरिंग नवे टाकावे आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलला बोट लावून पाहावे. सील पाझरत असेल तर ते त्याच दिवशी बदलावे, कारण तेलाचा ओघळ अस्तरावर आला की कितीही महागडी प्लेट घसरते. ऑरगॅनिक प्लेट बसल्यावर पहिले ७०० ते ८०० किलोमीटर शहरात, थांबत-सुटत, पूर्ण ॲक्सिलरेटर न देता गाडी चालवावी.