आवाजाच्या पुढे धावलेले गोळे

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात राहून मी भौतिकी शिकवली. धक्का-तरंगाचा धडा आला की सुरुवात शिंद्यांच्या तोफखान्यापासूनच करायचो. महादजी शिंद्यांच्या पदरी युरोपीय सेनानी द बॉयन १७८४ मध्ये आला; आग्र्याला सँगस्टरने तोफा ओतल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत याच तोफखान्याने ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या फौजेची भयंकर हानी केली. गोलंदाज तोफा न सोडता मेले. त्यांच्याइतके धैर्य मला इतिहासात क्वचितच दिसते.

अशा तोफेतून सुटलेला गोळा आरंभी आवाजाहून, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरहून, वेगवान असतो. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकाएकी वाढतो, हे बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्येच मोजून दाखवले होते. गोळा आवाजाच्या पुढे असल्याने पुढच्या हवेला बाजूला सरायची सूचनाच मिळत नाही. ती दाबली जाऊन भिंतीसारखी उभी राहते; हाच धक्का-तरंग. त्या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. हवेची श्यानता, म्हणजे तिचे अंतर्गत घर्षण, तिथेच गतीची उष्णता करते. श्यानता नसती तर ही भिंत किती पातळ व्हावी याला धरबंधच उरला नसता. बंदुकीच्या गोळीपुढची अशी भिंत भौतिकशास्त्रज्ञ माखने १८८७ मध्ये छायाचित्रातून जगापुढे ठेवली.

ग्वाल्हेरच्या शिक्षकांनो, माखचे छायाचित्र दाखवाल तेव्हा मुलांना असईचे गोलंदाजही सांगा.